सिटिझनशिपची सिव्हिक्स टेस्ट: पाठांतर करू नका, आपलं नागरिकशास्त्र आठवा

शाळेत इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेलं नागरिकशास्त्र आपण बहुतेकांनी परीक्षेच्या आदल्या रात्रीच वाचलेलं असतं, सांगलीत मीही तेच केलं. आणि तोच विषय चाळिशीत न्यू जर्सीत परत समोर आला, अमेरिकेचं नागरिकत्व घेताना इंटरव्ह्यूत देशाचा इतिहास आणि कारभार यावर सिव्हिक्स टेस्ट द्यावी लागते तिच्यामुळे. आधी माझा स्वतःचा इंटरव्ह्यू झाला, मग सासूबाईंचा, आणि आता नणंदेची तयारी घेतेय, म्हणून म्हटलं नवीन लोकांसाठी सगळं एकदा लिहून काढावं.

आधी टेस्टबद्दल. माझ्या वेळी यादीत १०० प्रश्न होते, त्यातले जास्तीत जास्त १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास. ज्यांनी एन-४०० फॉर्म, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा नंतर भरलाय त्यांना नवीन टेस्ट आहे: १२८ प्रश्नांची यादी, २० पर्यंत प्रश्न, १२ बरोबर हवेत. १२ बरोबर झाले की ऑफिसर थांबतात, आणि ९ चुकले तरी थांबतात. सगळं तोंडी, पर्याय वगैरे काही नाही. यादी सरकारी साइटवर फुकट मिळते, तीच घ्या. मी सुरुवातीला एका क्लासची फ्लॅशकार्ड घेतली होती आणि त्यावर गव्हर्नर, स्पीकर सगळे जुनेच होते, बरं झालं वेळेत लक्षात आलं. ही नावं इंटरव्ह्यूच्या दिवशी जी असतील तीच चालतात, म्हणून आदल्या आठवड्यात परत तपासा.

मी पहिले दोन आठवडे नुसती घोकंपट्टी केली आणि काहीच डोक्यात राहिना. मग एक दिवस वहीत दोन रकाने केले, डावीकडे आपलं, उजवीकडे यांचं, आणि तिथून सगळं सोपं झालं. आपल्याला संसद, राज्यसभा, मूलभूत हक्क हे माहीत असतंच, फक्त इथे काय वेगळं आहे तेवढं पकडायचं.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे इथे पंतप्रधानच नाही. आपल्याकडे सरकार लोकसभेतून तयार होतं, मंत्र्याला खासदार असावं लागतं, नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. इथे बरोबर उलटं, काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, मेंबर मंत्री झाला तर त्याला ती सीट सोडावी लागते. प्रेसिडेंट वेगळे निवडून येतात, काँग्रेस वेगळी, म्हणून बहुमत गेलं आणि सरकार पडलं असं इथे होत नाही. काँग्रेसने कायदा केला, प्रेसिडेंटनी व्हेटो केला म्हणजे तो नाकारला, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवून काँग्रेस तो व्हेटो मोडू शकते. चेक्स अँड बॅलन्सेस म्हणतात ते हेच. हे एकदा समजलं की यादीतले निदान आठ-दहा प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरी गोष्ट सेनेट, म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह. आपण पटकन राज्यसभा म्हणतो, पण राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला १. सेनेटमध्ये मात्र कॅलिफोर्निया असो की वायोमिंग, प्रत्येकी दोनच, म्हणून ५० राज्यांचे १००. लोकसंख्येचा हिशोब हाऊसमध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या खालच्या सभागृहात, तिथे ४३५ पैकी कॅलिफोर्नियाचे ५२ आणि वायोमिंगचा १. हाऊसची मुदत दोन वर्षं, सेनेटरची सहा. आणि मला फार आवडलेली माहिती, पूर्वी सेनेटर राज्यांच्या विधिमंडळातून निवडले जायचे, अगदी आपल्या राज्यसभेसारखे, १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने ते थेट लोकांच्या मतावर आले.

घटनादुरुस्त्या २७. आपल्या राज्यघटनेत शंभरच्या वर झाल्यात, त्यामुळे हा आकडा मला विसरताच आला नाही. पहिल्या १० म्हणजे बिल ऑफ राइट्स, नागरिकांच्या हक्कांच्या, १७९१. घटना लिहिली १७८७ ला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याआधी १७७६ ला, हा क्रम खूप जण उलटा सांगतात. सुप्रीम कोर्टात ९ न्यायाधीश आणि आपल्यासारखी ६५ ला निवृत्ती नाही, नेमणूक तहहयात.

इतिहासात सिव्हिल वॉरवर, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत झालेल्या यादवी युद्धावर, वेळ द्या, घाई करू नका. १८६१ ते १८६५. प्रेसिडेंट लिंकननी १८६३ ला गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली ती बंडखोर राज्यांपुरती होती, सगळीकडची गुलामी संपली १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने. चौदावीने मुक्त झालेल्या गुलामांनाही नागरिकत्व दिलं, पंधरावीने वंशावरून मत नाकारायला बंदी घातली, आणि तरी काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांना शंभर वर्षांनी रस्त्यावर यावंच लागलं. ते गांधीजींना किती मानायचे आणि १९५९ ला भारतात येऊन गेले हे आठवलं की हा इतिहास परका वाटत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले तेही याच देशात, माझ्या घरापासून ट्रेनने तासाभरावर.

एक गोष्ट यादीत नाही पण प्रत्येक भारतीयाने वाचावी असं मला मनापासून वाटतं. १९२३ ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी. ही बंदी उठली १९४६ ला. आणि २०२२ ला आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइट भागातून हाऊसवर निवडून आले. फॉर्मवर सही करताना माझ्या डोक्यात थिंडच होते.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. वय ६५ किंवा जास्त आणि ग्रीन कार्डला २० वर्षं झाली असतील तर फक्त २० खास प्रश्नांचा अभ्यास, १० विचारतात, ६ बरोबर हवेत, आणि ते मराठीत देता येतात. सासूबाईंचं तसंच झालं, दुभाषी आम्ही सोबत नेला. बाकीच्या बहुतेकांना इंग्लिशचं एक वाक्य वाचून दाखवावं लागतं आणि एक लिहावं लागतं, तीन चान्स असतात, आपल्या लोकांना अवघड नाही. अवघड जातं ते फॉर्मवरचे प्रश्न. टॅक्स, पत्ते, नोकऱ्या, आणि पाच वर्षांत देशाबाहेर कधी कधी गेलात त्या तारखा. प्रत्येक भारतवारीच्या तारखा पासपोर्टवरून आत्ताच लिहून ठेवा, हे काम शेवटच्या रात्री होत नाही. नापास झालात तरी ६० ते ९० दिवसांत त्याच भागाची परत टेस्ट होते, रडू नका.

आणि हो, शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व जातं, भारतीय पासपोर्ट सरेंडर करून मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. हा निर्णय घरच्यांशी आधी नीट बोलून घ्या, सासूबाई त्यावर दोन वर्षं विचार करत होत्या. इंटरव्ह्यूत त्यांना स्टॅच्यू ऑफ लिबर्टी कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, "न्यूयॉर्कला, पण आमच्या जर्सीच्या किनाऱ्यावरून जवळ दिसते." दुभाष्याने आख्खं वाक्य इंग्लिशमध्ये सांगितलं, आणि ऑफिसर हसून पुढच्या प्रश्नाकडे वळले.