दुसऱ्याच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवताय? मग एवढं कराच

बोरिवलीतल्या एका काकांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवलाय, आकडे छोट्या साइटवर टाकतात. गेल्या जुलैत मी माझी स्क्रिप्ट, म्हणजे आकडे आपोआप आणणारा छोटा प्रोग्रॅम, त्यावर दर दोन सेकंदाला सोडली, आकडे बदलायचे पंधरा मिनिटांनी, आणि ऐन पावसात, लोक लोकलचं काय म्हणून बघत असताना, साइटच बसली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी हे पाळतो.

आधी साइटच्या अटी आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल (स्क्रिप्टने कुठली पानं घ्यायची नाहीत ते त्यात असतं) वाचा, या फाइलची पद्धत १९९४ पासूनची आहे. ती फाइल म्हणजे कुलूप नाही, मालकाने दारावर लावलेली पाटी आहे, पण पाटी वाचायचीच. आणि डेटा एकगठ्ठा मिळत असेल तर तोच घ्या, विकिपीडियाचे डंप, म्हणजे सगळ्या पानांच्या एकत्र फाइली, आहेत ना, मग एकेक पान कशाला खेचायचं?

मग यूजर-एजंटमध्ये, म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीच्या ओळीत, स्क्रिप्टचं नाव आणि आपला ईमेल टाका. लायब्ररीचं (विनंती पाठवणाऱ्या तयार कोडचं) डिफॉल्ट नाव तसंच ठेवलं तर तुम्ही कोण ते समोरच्याला कळत नाही आणि तो सरळ ब्लॉक करतो, ईमेल असला तर आधी विचारतो तरी.

आता वेग. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या नॉमिनॅटिम या शोधसेवेवर पत्ते शोधायचे तर सेकंदाला जास्तीत जास्त १ विनंती, तीही एकाच थ्रेडमधून, म्हणजे एका वेळी एकच. ६०० पत्ते म्हणजे १० मिनिटं, स्लो लोकलने दादरहून बांद्र्याला पोचेपर्यंत काम झालं, एवढी काय घाई असते? हजारो पत्ते रोज लागत असतील तर मात्र स्वतःचा सर्व्हर उभा करा. आलेलं उत्तर सेव्ह करून ठेवा, तोच पत्ता परत विचारू नका. साइट ईटॅग, म्हणजे पानाच्या आवृत्तीची खूण, देत असेल तर पुढच्या वेळी तो परत पाठवा, काही बदललं नसेल तर नुसतं ३०४ (‘बदल नाही’ असा कोड) येतं, अख्खं पान येत नाही.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय, बरोबर तासाच्या ठोक्याला लावू नका, सगळ्यांच्या स्क्रिप्ट तेव्हाच सुटतात. मी काकांच्या साइटला ७, २२, ३७ आणि ५२ व्या मिनिटाला विचारतो.

४२९ (‘फार विनंत्या येताहेत’ असा कोड) आलं की थांबायचं, रिट्राय-आफ्टर (किती वेळाने परत यायचं ते) दिलं असेल तर तेवढा वेळ, नसेल तर १, २, ४, ८ सेकंद असं दुप्पट करत आणि त्यात थोडं रँडम मिसळून. सर्व्हरच पडलाय असं दिसलं तरी हेच, उलट तेव्हा जास्तच सांभाळून. आणि ४०३ (‘परवानगी नाही’) आलं तर आयपी, म्हणजे आपला इंटरनेटवरचा पत्ता, बदलून परत घुसू नका, स्क्रिप्ट बंद करा आणि मालकाला मेल टाका.