व्हेरिएंट कव्हर जमवायची असतील तर आधी दुकानदाराचा हिशोब शिका

माझा भाचा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "मावशी, एका कॉमिकच्या जाहिरातीत १:५० लिहिलंय. पन्नासच प्रती छापल्यात का गं? घेऊन टाकू?" त्याला म्हटलं, थांब, पैसे भरू नकोस. मग पाऊण तास बोललो, तरी निम्मं राहिलंच. ते सगळं आता एकदाच लिहून काढते, म्हणजे त्यालाही मिळेल आणि त्याच्यासारख्या इतरांनाही.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. २०१४ साली मुलगा नऊ वर्षांचा होता, त्याला स्पायडर-ग्वेन (स्पायडर-मॅनच्या कॉमिकमधली एक नायिका) हवी होती म्हणून मी पहिल्यांदा कॉमिकच्या दुकानात पाय ठेवला. एकाच अंकाची दोन वेगळी मुखपृष्ठं पाहिली, एकाची किंमत दुसऱ्याच्या सातपट, आणि मला काही केल्या कळेना की आतली पानं तीच, मग हे कसं. अशा वेगळ्या मुखपृष्ठालाच व्हेरिएंट कव्हर म्हणतात. तिथून हा नाद लागला. मुलगा आता कॉलेजात आहे, त्याचं कॉमिक सुटलं. माझं सुटलेलं नाही.

तर १:५० म्हणजे पन्नास प्रती नव्हेत. दुकानदाराने त्या अंकाच्या साध्या कव्हरच्या पन्नास प्रती मागवल्या की त्याला हे खास कव्हर एक मागवता येतं, इतकाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या कॉमिकच्या दुकानांना न खपलेला माल सहसा परत करता येत नाही. म्हणजे पन्नास प्रती मागवल्या आणि तीस खपल्या, तर उरलेल्या वीस त्याच्याच डोक्यावर. म्हणून कागदावरचं गुणोत्तर पाहू नका, मूळ अंक किती खपतो ते पाहा. समजा एका गाजलेल्या अंकाच्या एक लाख प्रती दुकानांनी उचलल्या. त्याचं १:२५ चं कव्हर चार हजारांपर्यंत जाऊ शकतं. दुसऱ्या, कोणी फारसं न विचारणाऱ्या मालिकेच्या वीस हजारच गेल्या, तर तेच १:२५ आठशेच्या वर जात नाही. आणि आठशे तरी कधी? प्रत्येक दुकानाने बरोबर पंचवीसच्या पटीत मागवलं तर. दहा-बारा प्रती घेणारी गावाकडची छोटी दुकानं या हिशोबात बसतच नाहीत. प्रकाशक खराब प्रती बदलून देण्यासाठी थोड्या जास्त छापतात, तेवढं वर धरा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०११ मधला अमेझिंग स्पायडर-मॅनचा ६६७ वा अंक. गॅब्रिएले डेल'ओट्टो या इटालियन चित्रकाराचं त्याचं व्हेरिएंट १:१०० होतं. साध्या अंकाची किंमत ३.९९ डॉलर. दुकानाला माल साधारण निम्म्या किमतीत पडतो असं धरलं, तरी एका खास प्रतीसाठी दोनशे डॉलरचा साधा माल घरात घ्यायचा. किती दुकानदार तयार होतील? फारच थोडे झाले. आज आधुनिक काळातल्या सगळ्यात दुर्मीळ व्हेरिएंटमध्ये त्या कव्हरचं नाव घेतलं जातं, आणि त्याचं कारण चित्रात जितकं आहे तितकंच त्या दोनशे डॉलरमध्ये आहे.

आता याच्या उलट बाजू. १९८६ साली 'द मॅन ऑफ स्टील' या सुपरमॅनच्या मालिकेचा पहिला अंक दोन कव्हरांत आला, व्हेरिएंटची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. १९९१ मध्ये जिम ली यांनी चितारलेला 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच कव्हरांत निघाला आणि दुकानांनी त्याच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती उचलल्या. लोकांनी पाचही कव्हरं घेतली, प्लास्टिकमध्ये घातली, मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली, त्यामुळे आज ती कुठल्याही दुकानात चिल्लर पैशांत मिळतात. पुढे हा बाजार कोसळला, पुष्कळ दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये स्पायडर-मॅन आणि एक्स-मेन छापणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून एखाद्या दुकानाने स्वतःसाठी काढून घेतलेल्या खास कव्हरवर 'फक्त ३००० प्रती' असं लिहिलेलं दिसलं, तर मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: यातल्या किती प्रती कोणी वाचणार आहे? त्या तीन हजार पहिल्या दिवसापासून पिशवीत जातात. वीस वर्षांनीही तीन हजारच राहतील. चित्र मनापासून आवडलं तर जरूर घ्या, मीही घेतलीत. दुर्मीळ म्हणून घेऊ नका.

मला स्वतःला जास्त ओढ आहे ती ज्या प्रती कोणी जपल्याच नाहीत त्यांची. किराणा दुकानं, स्टेशनवरचे स्टॉल, औषधांची दुकानं इथे विकल्या जाणाऱ्या प्रतींना न्यूजस्टँड आवृत्ती म्हणतात. त्या न खपल्या तर परत जायच्या आणि नष्ट व्हायच्या. ज्या खपल्या त्या पोरांनी दप्तरात कोंबल्या. मार्व्हलने ही पद्धत २०१३ च्या सुमाराला थांबवली, सुपरमॅन छापणाऱ्या डीसीने २०१७ मध्ये. त्यामुळे त्या बंद होण्याआधीच्या दहाएक वर्षांतल्या न्यूजस्टँड प्रती, त्याही कोऱ्या करकरीत, फार थोड्या उरल्या आहेत. चित्र अगदी तेच असतं, फरक बारकोडात.

बारकोड वाचायला शिकलात की तुमचं निम्मं काम झालं. मुख्य बारकोडाच्या उजवीकडे एक छोटा बारकोड असतो. कॉमिकच्या दुकानातल्या आवृत्तीत त्यावर पाच आकडे असतात, न्यूजस्टँडवर दोनच. पाचातले पहिले तीन अंकाचा क्रमांक सांगतात, चौथा कव्हर कुठलं ते, पाचवा छपाई कितवी ते. म्हणजे ००४११ असेल तर चौथा अंक, पहिलं कव्हर, पहिली छपाई. ००४२१ म्हणजे दुसरं कव्हर. ००४१२ म्हणजे पहिलंच कव्हर पण दुसरी छपाई. अपवाद असतात, म्हणून आतल्या पानावर तळाशी बारीक अक्षरात छापलेली प्रकाशनाची माहितीही वाचा. दुसऱ्या छपाईला नाक मुरडू नका. ती बऱ्याचदा पहिल्यापेक्षा खूपच कमी निघते आणि तिचं चित्रही कधी कधी वेगळं असतं.

दुर्मीळपणाबरोबर ती प्रत कोणाला तरी हवीही असावी लागते. ऑगस्ट २०११ मधल्या 'अल्टिमेट फॉलआउट'च्या चौथ्या अंकात माइल्स मोरालेस हा नवा स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला. त्याचं मार्को जुर्जेविच यांचं कव्हर १:२५ च होतं, तरी लोक त्याच्यामागे धावतात, कारण माइल्स आज पोराटोरांनाही माहीत आहे. शंभर प्रतींचं पण कोणालाच नको असलेलं कव्हर शंभर प्रतींचंच राहतं.

म्हणून भाच्याला सांगितलं तेच सांगते, सगळं जमवू नका. एक धागा धरा. एक चित्रकार, एक पात्र, एक मालिका, काहीही. माझा धागा पवित्र प्रभाकर, म्हणजे भारतीय स्पायडर-मॅन. २००४ मध्ये गोथम कॉमिक्सने जीवन कांग या चित्रकाराला घेऊन स्पायडर-मॅन थेट मुंबईत आणला. खेड्यातून भीम काका आणि माया काकूंबरोबर मुंबईला आलेला मुलगा, अंगावर धोतरासारखा पोशाख. एडिसनमधल्या दुकानात जुन्या अंकांच्या खोक्यात हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथेच उभी राहून अख्खा अंक वाचला. तेव्हा त्या अंकांना कोणी विचारत नव्हतं, चारही अंक मला अगदी किरकोळ पैशांत मिळाले. २०२३ च्या सिनेमात पवित्र झळकला, त्याची नवी मालिका आली, आणि एकदम सगळ्यांना हवा झाला. धागा असला की बाजार जागा व्हायच्या आधी तुम्ही तिथे पोचलेले असता.

नवीन अंक हवा असेल तर दुकान उघडल्यावर धावत जाण्यात अर्थ नाही, तोवर सगळं ठरलेलं असतं. दुकानांना अंतिम मागणी नोंदवायची एक तारीख असते, अंक बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी. दुकानदार तिला एफओसी (फायनल ऑर्डर कटऑफ) म्हणतात. त्याच्या आठवडाभर आधी जाऊन सांगायचं, "मला अमुक अंकाचं १:२५ हवं आहे, घेणार असाल तर मी नक्की उचलते." माझा दुकानदार अशा वेळी मागणी अठराची पंचवीस करतो, कारण खास प्रत कोणाकडे जाणार हे त्याला ठाऊक असतं. पुष्कळ दुकानांत १:२५ ची किंमत पंचवीस डॉलरच्या आसपास लावतात. एकदा शब्द दिला की प्रत उचलायचीच, मन बदललं तरी. या व्यवहारात तुमची पत तुमच्या पैशांपेक्षा मोठी आहे. तारीख हुकली तर पहिल्या आठवड्यात घेऊ नका. तेव्हा भाव बहुतेक वेळा सगळ्यात चढलेला असतो, दोन-तीन महिन्यांत उतरतो.

जुना अंक ऑनलाइन घेताना विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी उघडता येते, ती पाहा, आणि शेवटचे पाच-सहा व्यवहार वहीत लिहा.

आता माझी चूक. 'एज ऑफ स्पायडर-व्हर्स'चा दुसरा अंक, सप्टेंबर २०१४, स्पायडर-ग्वेनचं पहिलं दर्शन. त्याचं ग्रेग लँड यांचं १:२५ कव्हर मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं. वर्णनात 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ कोरा, असं लिहिलं होतं, फोटो एकच, तोही अंक पिशवीत असतानाच काढलेला. अंक आला, पिशवीबाहेर काढला, आणि पिनेच्या बाजूला, जिथे कव्हर दुमडतं, तिथे सात पांढऱ्या रेघा. तांदळाच्या कणीएवढ्या. रंग तुटून खालचा कागद दिसत होता. प्रेसिंग करून, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन, दबलेला कागद सरळ होतो, पण उडालेला रंग परत येत नाही. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण पाहणं हा तर माझा रोजचा धंदा.

तेव्हापासून मी चार फोटो मागते, पिशवीबाहेरचे: पुढचं कव्हर, मागचं, कणा, आणि पिना असलेलं मधलं पान. हातात आल्यावर खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबलावरचा छोटा दिवा अगदी खाली, अंकाच्या पातळीला आणते. अंक दोन्ही तळहातांवर आडवा धरून सावकाश कलवते. उजेड कव्हरवरून पाण्यासारखा सरकतो आणि जिथे दाब, बोटाचा ठसा किंवा वळी असेल तिथे अडखळतो. समोरून पाहिल्यावर यातलं काहीच दिसत नाही. काळ्या कव्हरांवर कोपरे आधी बघा, तिथला पांढरेपणा पटकन उघडा पडतो.

ग्रेडिंगबद्दल थोडक्यात. सीजीसी ही फ्लोरिडातली कंपनी २००० पासून दहापैकी गुण देऊन अंक कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देते. नव्या अंकांत लोकांना ९.८ हवा असतो, आणि ९.६ व ९.८ मधला भावाचा फरक ऐकून तुम्ही चकित व्हाल. फी, टपाल, विमा जमेस धरून अंकाची किंमत त्याच्या तिप्पट तरी असेल तरच पाठवा. मी फक्त सहा पाठवलेत.

जपणं मात्र रोजचं काम आहे. आमचे बाबा सांगलीला वर्षभराचे अंक दाभणाने टोचून, दोऱ्याने शिवून जाड पुठ्ठ्यात बांधायचे. वाचण्यासाठी ते उत्तमच होतं. इथे कागदाला भोकही पडता कामा नये. आम्लविरहित पुठ्ठा, त्यावर अंक, वर पॉलिप्रॉपिलीनची पिशवी. जास्त मोलाच्या अंकाला मायलारची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची. पिशवी बंद करायची टेप हा सगळ्यात मोठा शत्रू. अंक बाहेर सरकवताना टेपची कड कव्हरला चिकटली की चकचकीत थर सोलून येतो. टेप आधी पूर्ण काढा, ती टेबलाच्या कडेला लावा, मगच अंकाला हात लावा. अंक खोक्यात उभे ठेवा, घट्ट कोंबू नका आणि एका बाजूला कलूही देऊ नका. पुण्यात किंवा कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर खोकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर तर नाहीच. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला. भारतात मागवताना टपाल कधी कधी अंकापेक्षा महाग पडतं, तेव्हा चार-पाच अंक एकत्र मागवा आणि विक्रेत्याला दोन्ही बाजूंना जाड पन्हाळी पुठ्ठा घालायला सांगा. पुठ्ठ्यातल्या रेघा एकमेकींना आडव्या आल्या पाहिजेत, म्हणजे पार्सल वाकत नाही.

भाच्याने १:५० चं ते कव्हर घेतलं नाही. मूळ मालिका जोरात खपणारी निघाली. त्याऐवजी त्याने पवित्रच्या २००४ च्या अंकांतला एक मागितला. माझ्याकडे दुसरा अंक दोनदा आला होता, त्यातला एक परवा पाकिटात भरला.

डेल'ओट्टोचा ६६७ माझ्याकडे नाही. न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये काचेआड एकदा पाहिलाय. विक्रेत्याला विचारलं, तर त्याने पेटी बाहेर काढून माझ्या हातात दिली, दोन मिनिटं. परत आल्यावर वहीत त्याच्यासाठी एक वेगळं पान केलं, आणि त्याची कुठे विक्री दिसली की तारीख, गुण आणि भाव मी तिथे लिहिते.