साथीच्या काळातली लोकांची चिंता मोजताय? या चुका टाळा

कोविडमुळे जगात नैराश्य आणि चिंताविकार किती वाढले, याचा अंदाज २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभ्यासकांना शोधात ५,६८३ नोंदी सापडल्या. त्यांच्या निकषांत बसल्या फक्त ४८. बाकीच्या सगळ्याच वाईट होत्या असं नाही, शोधात विषयाबाहेरचंही बरंच येतं. पण साथीपूर्वीची तुलना नाही, किंवा निवडलेले लोक सर्वसाधारण जनतेचं प्रतिनिधित्व करत नाहीत, अशा अभ्यासांना त्या गणितात जागाच नव्हती. हजारो लोकांनी घाबरलेल्या मनाने बसून दिलेली उत्तरं अशी वाया जावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढच्या साथीतही प्रश्नावल्या घाईतच निघतील. त्या घाईतही काही गोष्टी सांभाळता येतात.

गुण म्हणजे निदान नव्हे

ही चूक सर्वांत जास्त होते आणि नुकसानही हीच सर्वांत जास्त करते.

चिंता मोजणारी जीएडी-७ ही प्रश्नावली २००६ साली आली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाच, दहा आणि पंधरा गुणांवर सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या. छोटी आहे, फुकट आहे, म्हणून सगळे तीच वापरतात. मात्र ती दवाखान्यात आलेल्या रुग्णांवर तपासून तयार झाली होती. मूळ अभ्यासात दहा गुणांची रेषा धरली, तेव्हा सर्वसाधारण चिंताविकार असलेल्यांपैकी ८९ टक्के लोक तिच्यावर आले आणि विकार नसलेल्यांपैकी ८२ टक्के खाली राहिले.

हे आकडे चांगलेच आहेत. आता तीच रेषा सर्वसाधारण लोकांना लावून पाहा. हजार लोक घ्या आणि त्यांतल्या पन्नास जणांना खरोखर चिंताविकार आहे असं धरा. त्यांपैकी सुमारे ४५ जण रेषेवर येतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी १८ टक्के, म्हणजे १७१ जणसुद्धा रेषेवर येतील. एकूण झाले २१६. अहवालात लिहिलं जातं, 'दर पाचातल्या एकाला चिंताविकार'. प्रत्यक्षात तो वीसातल्या एकाला आहे आणि रेषेवर आलेल्या दर पाच जणांपैकी चौघांना तो नाहीच.

उपाय अवघड नाही. 'इतक्या लोकांना जीएडी-७वर दहा किंवा अधिक गुण मिळाले' एवढंच लिहा आणि 'विकार' हा शब्द टाळा. नुसती टक्केवारी देऊन थांबू नका, गुणांची पूर्ण विभागणी दाखवा. प्रशिक्षित माणूस उपलब्ध असेल तर रेषेच्या वरच्या आणि खालच्या, दोन्हीकडच्या काही जणांची सविस्तर मुलाखत घ्या. त्यावरून आपली रेषा या लोकांमध्ये किती चुकते ते कळतं. प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेली असेल तर ही पडताळणी टाळताच येणार नाही.

साथीच्या काळात याला आणखी एक पदर असतो. वॉर्डात रोज रुग्णांच्या शेजारी उभी राहणारी परिचारिका घाबरली असेल, तर तिची भीती परिस्थितीला धरून आहे. तिला आजारी ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे. आजाराची भीती, रोजगाराची काळजी, एकटेपणा आणि आधीपासूनचा चिंताविकार या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरची मदतही वेगवेगळी आहे. ज्याचा पगार थांबलाय त्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून भागत नाही. २०२० साली आलेली कोविड-भीतीची सात प्रश्नांची मापनपट्टी भीती मोजते, तिला चिंताविकाराची मापनपट्टी समजू नका. लोकांना कशाची काळजी वाटते, हे त्यांच्याच शब्दांत लिहू देणारा एक तरी मोकळा प्रश्न ठेवा.

शरीराची लक्षणं आणि मनाची लक्षणं

बेक यांच्या चिंतामापनात २१ लक्षणं आहेत आणि त्यांत धाप लागणं, छाती धडधडणं, गरगरणं, घाम येणं यांचा भरणा आहे. श्वसनाच्या आजाराच्या साथीत ही यादी वापरली तर तापाने फणफणलेला माणूसही 'तीव्र चिंताग्रस्त' ठरेल. हॅड्स ही चिंता आणि नैराश्य मोजणारी १९८३ची मापनपट्टी मुळात रुग्णालयातल्या रुग्णांसाठी बनवली होती, म्हणून तिच्यात शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळली आहेत. कोणतीही पट्टी वापरा, पण गेल्या दोन आठवड्यांत उत्तर देणारा स्वतः आजारी होता का, हे विचाराच.

मोठ्या आकड्याची भुरळ

व्हॉट्सॲपवर लिंक फिरवली, दोन दिवसांत वीस हजार उत्तरं आली. आनंद होणं स्वाभाविक आहे, पण उत्तर कोणी दिलं? 'साथ आणि तुमची चिंता' असं शीर्षक वाचून आधीच काळजीत असलेला माणूस थांबतो, निश्चिंत माणूस पुढे जातो. जो सर्वांत खचलाय, ज्याच्या घरी रुग्ण आहे, ज्याच्याकडे फोनच नाही, तोही यादीत नसतो. म्हणजे दोन्ही टोकं सुटतात आणि अंदाज नेमका कोणत्या बाजूला चुकतोय तेही कळत नाही.

याचा पुरावा चिंतेच्या नव्हे, लसीकरणाच्या सर्वेक्षणांतून मिळाला. अमेरिकेत फेसबुकमार्फत आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांना विचारणाऱ्या सर्वेक्षणाने मे २०२१मध्ये लस घेतलेल्यांचं प्रमाण सरकारी नोंदींपेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवलं. जेमतेम हजार लोकांचं, पण काळजीपूर्वक निवडलेलं दुसरं सर्वेक्षण वास्तवाच्या बरंच जवळ होतं. लसीची निदान सरकारी नोंद होती, म्हणून चूक सापडली. चिंतेची तशी नोंद कुठेच नसते, त्यामुळे इथली चूक उघडकीसच येत नाही.

वय, लिंग आणि शिक्षणानुसार भार देऊन, म्हणजे ज्या गटातली उत्तरं कमी आली त्यांना जास्त वजन देऊन, आकडे सुधारता येतात, तेही काही अंशीच. मन ठीक नाही म्हणून ज्याने लिंक उघडलीच नाही, त्याची भरपाई कुठल्याही भाराने होत नाही. शक्य असेल तर यादीतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडलेले पाचशे लोक घ्या आणि त्यांच्यामागे चिकाटीने लागा.

तारीख न लिहिणं

ब्रिटनमध्ये २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने त्याच सुमारास सुरू केलेल्या अभ्यासात चिंता टाळेबंदीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त होती आणि पुढच्या काही आठवड्यांत ती झपाट्याने उतरली. मार्चच्या शेवटी मोजणारा आणि जुलैत मोजणारा, दोघेही 'टाळेबंदीतली चिंता' असंच लिहितील. म्हणून प्रत्येक उत्तराची तारीख जपा आणि त्या आठवड्यात कोणते निर्बंध होते, साथ चढत होती की उतरत होती, तेही नोंदवा. साथीपूर्वीच्या आकड्यांशी तुलना करताना तेव्हा कसं विचारलं होतं तेही बघा. समोरासमोरच्या मुलाखतीत लोक मनातलं कमी बोलतात, एकट्याने फॉर्म भरताना जास्त सांगतात. पद्धत बदलली तर वाढ कागदावरच दिसू शकते.

गूगलवरच्या शोधांवरून चिंता मोजायची असेल तर अधिकच जपून. ते आकडे ० ते १०० असे सापेक्ष असतात, म्हणजे किती लोकांनी शोधलं ते सांगत नाहीत, आणि वाढलेल्या शोधामागे एखादी गाजलेली बातमीही असू शकते. तसंच 'जास्त बातम्या पाहणारे जास्त चिंतेत' हे एकदाच केलेल्या पाहणीतून निघालं, तर बातम्यांनी चिंता वाढवली की चिंतेने बातम्या बघायला लावल्या, हे सांगता येत नाही.

उत्तरं आधीच गोळा झाली असतील तर

टाकून देऊ नका. एकाच माणसाची दुहेरी उत्तरं, काही सेकंदांत भरलेले फॉर्म, सगळीकडे एकच पर्याय निवडलेल्या ओळी आधी वेगळ्या काढा. संपूर्ण जनतेबद्दलचा टक्का मात्र सांगू नका. त्याऐवजी गोळा झालेल्या उत्तरांतच तुलना करा आणि तीही याच गटापुरती आहे असं लिहा. लिंक कुठे फिरली, कोण सुटलं, हे पहिल्याच पानावर द्या. पत्ते किंवा फोन नंबर संमतीने घेतले असतील तर त्याच लोकांना काही महिन्यांनी पुन्हा विचारा. मग बदल दिसू लागतो. मधेच गळलेल्यांचे पहिल्या फेरीतले गुणही तपासा, कारण जास्त त्रासात असलेले बऱ्याचदा आधी गळतात आणि सरासरी उगाच सुधारल्यासारखी दिसते.

फॉर्मच्या पलीकडचा माणूस

चिंतेच्या प्रश्नावलीसोबत नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जोडण्याची पद्धत आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री दोन वाजता कोणी त्यावर 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, तर ती कोण पाहणार आणि किती वेळात? याचं उत्तर ठरलेलं नसेल तर हा प्रश्न विचारू नका. त्याच्याशिवायची आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ उपलब्ध आहे. आणि मदतीचे क्रमांक फक्त शेवटच्या पानावर ठेवू नका. ज्याला सर्वांत जास्त त्रास होतोय तो फॉर्म अर्ध्यात बंद करतो, म्हणून ते प्रत्येक पानाच्या तळाशी द्या आणि फॉर्म सुरू करण्याआधी ते सगळे स्वतः लावून पाहा.