ईक्यू लावूनही मिक्स गढूळच? या चुका टाळा

गाण्याचा प्रत्येक ट्रॅक (एकेका वाद्याचं किंवा आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग) एकेकटा ऐकला की झकास वाटतो, सगळे एकत्र वाजले की गायकाचे शब्दच कळत नाहीत. असं झालं की हात आपोआप आणखी एका ईक्यूकडे, म्हणजे आवाजाच्या ठरावीक पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाकडे, जातो. पण अशा मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र केलेल्या आवाजात) ईक्यू सहसा कमी पडलेला नसतो. तो लावताना ऐकलेलं चुकलेलं असतं.

सोलो दाबून ईक्यू करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. फ्रिक्वेन्सीच्या (कंपनसंख्येच्या) एकाच पट्ट्यात दोन आवाज वाजले की जोरातला आवाज हळू आवाजाला झाकतो. याला मास्किंग म्हणतात. सोलो बटण एकच ट्रॅक ऐकवतं, तिथे दुसरा आवाजच नसतो, त्यामुळे कोण कोणाला झाकतंय हे तिथे कळणं शक्यच नाही.

अकॉस्टिक गिटार घ्या. एकटी ऐकताना १५० ते ३०० हर्ट्झच्या आसपासची तिची ऊब हवीहवीशी वाटते. पण त्याच भागात बेसचे ओव्हरटोन आहेत, गायकाच्या आवाजाचा भरीवपणा आहे, पियानोचा डावा हातही आहे. प्रत्येकाची ऊब जपत गेलात की त्या सगळ्यांची बेरीज म्हणजेच तो गढूळपणा. अशा गाण्यात गिटारचं २५० हर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल कमी केलं, तर सोलोत ती किरकोळ वाटेल. वाटू द्या. ऐकणारा ती सोलोत ऐकणार नाही.

दोषी ट्रॅक शोधायची माझी आवडती पद्धत सांगतो. जिथे सगळ्यात जास्त वाद्यं वाजतात तो भाग, बहुतेकदा ध्रुवपद, लूपवर टाका. व्होकलचा (गायकाच्या आवाजाचा) फेडर, म्हणजे पातळी बदलणारा सरकता दांडा, हळूहळू खाली आणा आणि शब्द निसटायला लागले की थांबा. आता बाकीचे ट्रॅक एकेक करून म्यूट करत जा. ज्याच्या म्यूटने शब्द एकदम वर येतात, तिथे काम करायचं. व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या भागात असते. त्यामुळे त्या ट्रॅकवर तिथे दोन डेसिबलचा रुंद कट दिला की अनेकदा व्होकलला बूस्टची (वाढवण्याची) गरजच उरत नाही. मग फेडर जागेवर न्या.

सोलो बटण निरुपयोगी आहे असं नाही. क्लिक, विजेची घरघर, नको असलेला श्वास शोधायला ते लागतंच. शोधून झालं की लगेच बाहेर या.

वाढलेल्या आवाजाला सुधारणा समजणं

चार डेसिबलचा बूस्ट दिला की ट्रॅक नुसता बदलत नाही, मोठाही होतो. आणि मोठा आवाज कानाला जवळजवळ नेहमीच चांगला वाटतो. त्यात भर म्हणजे आपला कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही, आणि हा फरकही आवाजाच्या पातळीबरोबर बदलतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले होते. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचा भाग आपल्याला कमी ऐकू येतो. म्हणून स्पीकर जोरात लावून केलेलं मिक्स हळू ऐकल्यावर पोकळ वाटतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण याच्याइतका प्रामाणिक दुसरा नाही. ईक्यूचा आउटपुट गेन इतका कमी किंवा जास्त करा, की बायपास केल्यावर (ईक्यू तात्पुरता वगळल्यावर) आवाजाची पातळी तेवढीच वाटेल. मग डोळे मिटून बायपास चालू-बंद करा. कोणतं चांगलं हे सांगता येत नसेल, तर तो ईक्यू काढून टाका. आणि मॉनिटरची पातळी एकदा ठरवली की शक्यतो तीच ठेवा.

सगळीकडे डोळे झाकून हाय-पास

हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा) गरजेचा आहे, माइकच्या स्टँडमधून येणारी धडधड त्यानेच जाते. पण प्रत्येक ट्रॅकवर १०० हर्ट्झला तो ठोकून द्यायची सवय मिक्सचा जीव काढते. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, आणि पुरुषी आवाजाचे खालचे स्वरही १०० च्या खाली जातात. फिल्टर सगळं मिक्स चालू असताना वर सरकवा, पातळपणा जाणवला की थोडा मागे घ्या. उतार (फिल्टर किती झपाट्याने कापतो ते) १२ डेसिबल प्रति सप्तक बहुतेक वेळा पुरतो.

इथे एक बारीक गोष्ट हमखास सुटते. साधा ईक्यू फेजही, म्हणजे ध्वनिलहरींची वेळेतली जागाही, हलवतो. बेस एकाच वेळी थेट लाइनवर आणि अँपसमोरच्या माइकवर रेकॉर्ड केला असेल, आणि त्यातल्या एकाच ट्रॅकवर हाय-पास लावला, तर दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊ शकतो. असं झालं तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका, आणि शक्य तिथे ईक्यू दोघांच्या एकत्रित बसवर (दोन्ही ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या चॅनेलवर) लावा.

बूस्ट करून दोष शोधत फिरणं

ईक्यूचा अरुंद बँड (पट्टा) दहा डेसिबल वर करून इकडून तिकडे फिरवला, की प्रत्येक जागा वाईटच वाटते. मग दहा ठिकाणी कट पडतात आणि वाद्याचा स्वभावच जातो. आधी नेमकं काय खटकतंय ते ठरवा: घुमतंय, नाकातून येतंय की टोचतंय. मगच बँडला हात लावा.

खोलीचाही हिशोब ठेवा. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, आणि तुम्ही बिचाऱ्या किकला (बास ड्रमला) कापत बसता. खर्जाचा निर्णय हेडफोनवर पडताळून पाहा.

ईक्यूचं नसलेलं काम ईक्यूला देणं

‘स’ आणि ‘श’ टोचतात म्हणून पूर्ण व्होकलवर ७ किलोहर्ट्झला कायमचा कट दिला, तर उरलेले सगळे शब्द बोथट होतात. जो त्रास अधूनमधून होतो, त्याला डी-एसर (टोचणारे ‘स’, ‘श’ तेवढ्यापुरते दाबणारं साधन) किंवा डायनॅमिक ईक्यू (गरज पडेल तेव्हाच काम करणारा) लावा. गायक माइकच्या फार जवळ गेल्यामुळे दोन-चार शब्दांचा खर्ज फुगला असेल, तर तेवढेच शब्द वेगळे करून दुरुस्त करा.

आणि पियानोचा डावा हात बेसच्याच सप्तकात, त्याच लयीत वाजत असेल, तर मिक्सला बसण्याआधी तो एक सप्तक वर नेऊन पाहा, किंवा ध्रुवपदात बंदच करून पाहा. ईक्यू त्यानंतर उघडा.