सुतार ‘चुका’ मागतो तेव्हा नेमके काय आणावे?

घरात फर्निचरचे काम निघाले की हार्डवेअरच्या दुकानात धावण्याची जबाबदारी घरातील कोणावर तरी येतेच, आणि तेथे शाळेत शिकलेले मराठी फारसे उपयोगी पडत नाही. ‘पाव किलो चुका घेऊन या’ असे सुताराने सांगितले, तर तो आपल्या वागण्याबद्दल काही सुचवत नसून बारीक डोक्याचे लहान खिळे मागत असतो. अशा वेळी लांबी किती हवी, पाऊण इंच की एक इंच, आणि चुका बिडिंगच्या, म्हणजे कडेला लावायच्या बारीक, पट्टीसाठी आहेत की आणखी कशासाठी, एवढे विचारून घेतले म्हणजे दुसरी फेरी वाचते.

सर्वांत जास्त घोटाळा ‘सूत’ या शब्दाचा होतो. सुताराच्या हिशेबात १ इंचाचे ८ सूत होतात, म्हणजे १ सूत साधारण ३.२ मिलिमीटर भरते. त्यामुळे ‘चार सुती पटाशी’ ही चार धाग्यांची कोणतीही वस्तू नसून अर्ध्या इंचाच्या पात्याची पटाशी, म्हणजे लाकूड तासण्याची छिन्नी, असते. पण तोच सुतार फळीवर सरळ रेषा आखताना ‘सूत धरा’ म्हणतो, तेव्हा मात्र त्याला खरोखरच दोरी अपेक्षित असते. शब्दाच्या आधी आकडा असेल तर माप समजावे आणि पुढे ‘धरा’ असेल तर दोरीचे टोक पकडावे. ‘दार दोन सूत कमी करा’ हे वाक्य ऐकून कोणी शिवणाचा डबा काढू नये. दार पाव इंच तासायचे आहे.

‘डिसमिस’ मागितल्यावर नोकरी गेल्यासारखे दचकण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील कारागीर पेचकसाला, म्हणजेच स्क्रू ड्रायव्हरला, सर्रास याच नावाने हाक मारतात. दुकानात मात्र एवढेच नाव पुरत नाही, कारण टोक चपटे हवे की फुलीचे, हे सांगावे लागते. फुलीच्या टोकाला फिलिप्स म्हणतात ते अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्यामुळे, ज्यांच्या नावावर १९३६ साली या स्क्रूची पेटंट नोंदली गेली. दिव्यांच्या कंपनीशी त्यांचा संबंध नाही, म्हणून ‘फिलिप्सचा द्या’ म्हटल्यावर समोर बल्ब आला तर दुकानदारावर रागावू नये. याच फुलीला अनेक जण ‘स्टार’ म्हणतात, परंतु सहा टोकांचा खरा स्टार वेगळा असतो आणि तो फुलीच्या खाचेत बसत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जुना स्क्रू खिशात टाकून दुकानात नेणे.

‘बॉलपीन’ हातोडीचे उच्चारात ‘बॉलपेन’ होते आणि घरातील मूल कंपासपेटी घेऊन हजर होते. ही हातोडी एका बाजूने गोल असते आणि ती मुख्यतः धातूच्या कामाची आहे. खिळे ठोकायचे व उपटायचे असतील तर मागे दुभंगलेली नखे असलेली हातोडी मागावी.

‘गुण्या कुठे आहे?’ या प्रश्नावर गल्लीतील कोणा गुणवंताला शोधू नये. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन. ते विकत घेताना दुकानातच पारखून घ्यावे: प्लायवुडच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेषा मारावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेषा मारावी. दोन्ही रेषा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दिसणारा फरक प्रत्यक्ष दोषाच्या दुप्पट असतो. ‘कपाट गुण्यात नाही’ हा सुताराचा शेरा म्हणूनच गंभीरपणे घ्यावा.

गिरमिटाने लाकडाला भोक पाडतात, पण हुबळी-धारवाडकडील पाहुण्यासमोर ते नाव काढल्यास तो त्याच नावाच्या कुरमुऱ्यांच्या पदार्थाची बशी येण्याची वाट पाहत बसेल.

शेवटी ‘पॉलिश पेपर’, ज्याचे नाव सरळ फसवे आहे. हा काचकागद चकाकी आणत नाही, तर खरवडतो, आणि त्याचा क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक असतो. कच्च्या लाकडासाठी ८० पासून सुरुवात करून १२० आणि मग २२० वर यावे. चकचकीत टेबल अधिक चकचकीत करण्याच्या हौसेने त्यावर ८० नंबर फिरवला, तर पॉलिशवाल्याला नव्याने बोलवावे लागते.