बी.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेताना: अभ्यासक्रमाचे पहिले पान आणि ब्युरेटमधले तीन आकडे

सोलापुरात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यानंतर मी आता चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते. बारावीचा निकाल लागला की ओळखीतील मुले-मुली प्रवेशाविषयी विचारायला घरी येतात. अवघड पेपर कोणता, इंटर्नलला किती गुण असतात, प्रॅक्टिकलला गुण कसे पडतात, असे त्यांचे प्रश्न असतात. मी त्यांना आधी एवढेच विचारते, की विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची प्रत उघडून पाहिली आहे का. बहुतेकांनी पाहिलेली नसते. मीही पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी झेरॉक्सच्या दुकानातून मी फक्त युनिटची पाने काढून आणली आणि प्रत्येक पेपरच्या सुरुवातीला छापलेली उद्दिष्टे व अध्ययन निष्पत्ती, म्हणजे प्राध्यापक ज्यांना ‘सीओ’ (कोर्स आउटकम) म्हणतात तो मजकूर, कामाचा नाही असे समजून सोडून दिला. त्याची किंमत मला पुढे दोन सत्रे मोजावी लागली.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ही प्रत मिळते. उतरवून घेताना ती तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेलीच आहे ना, हे मात्र तपासून घ्या. पॅटर्न बदलला की गुणांची विभागणीही बदलते आणि वरच्या वर्गातील ताईने किंवा दादाने सांगितलेले आकडे तुम्हाला लागू पडतीलच असे नाही.

निष्पत्तीच्या त्या चार-पाच ओळींत विषयांच्या नावांपेक्षा क्रियापदे नीट वाचावीत. ‘सांगता येईल’, ‘स्पष्ट करता येईल’, ‘उपयोग करता येईल’, ‘तुलना करून कारण देता येईल’ ही क्रियापदे सहज लिहिलेली नसतात. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या पायऱ्यांची एक मांडणी केली आणि २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. लक्षात ठेवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती अशा त्या सहा पायऱ्या आहेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना कोणता प्रश्न कोणत्या निष्पत्तीशी आणि कोणत्या पायरीशी जोडलेला आहे हे पाहावे लागते. त्यामुळे निष्पत्तीत ज्या धड्यापुढे ‘कारण देता येईल’ असे लिहिले आहे, त्या धड्याच्या केवळ व्याख्या पाठ करून भागत नाही.

माझ्या बाबतीत हे ऑरगॅनिकच्या पेपरला घडले. एसएन१ आणि एसएन२, म्हणजे रेणूतील एका गटाच्या जागी दुसरा गट येण्याच्या दोन वाटा, या दोन्ही अभिक्रियांच्या मेकॅनिझम (टप्प्याटप्प्याने काय घडते ते) मी आकृतीसह घोटून ठेवल्या होत्या. प्रश्न आला तो असा, की २-ब्रोमो-२-मिथिलप्रोपेन आणि ब्रोमोमिथेन यांपैकी कोणाचे जलविघटन एसएन१ मार्गाने होईल ते कारणासह लिहा. मी दोन्ही मेकॅनिझम सुवाच्य अक्षरात पूर्ण लिहिल्या, बाण काढले, पण उत्तर दिलेच नाही. पहिल्या संयुगापासून तृतीयक कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) तयार होतो, तीन मिथिल गटांमुळे तो स्थिर राहतो आणि त्याच गटांच्या गर्दीमुळे मागच्या बाजूने हल्ला करणाऱ्या न्यूक्लिओफाइलला, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी देणाऱ्या कणाला, वाट मिळत नाही, एवढी दोन वाक्ये तिथे अपेक्षित होती. मला ती माहीत होती. पण माहीत असलेली गोष्ट समोरच्या रेणूला लावून पाहण्याचा सराव मी एकदाही केलेला नव्हता. आज कोणी विचारले तर मी सांगते, की प्रत्येक मेकॅनिझम वाचून झाल्यावर पुस्तकात नसलेले दोन रेणू घ्या आणि आधी कोणाची अभिक्रिया होईल ते स्वतः ठरवा.

इंटर्नलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चाचणी, गृहपाठ, सेमिनार यांचे गुण वेळच्या वेळी मिळवावेत, कारण सत्राच्या शेवटी ते भरून काढता येत नाहीत आणि थोडक्या गुणांसाठी एटीकेटी लागलेली, म्हणजे विषय राहून पुढच्या वर्गात गेलेली मुले मी पाहिली आहेत. श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेबही समजून घ्यावा: थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तासिका, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास प्रयोगशाळेत काढावे लागतात. एका श्रेयांकासाठी दुप्पट वेळ द्यावा लागतो यावरूनच हातांनी शिकायच्या गोष्टी सावकाश अंगवळणी पडतात, हे कळते.

प्रॅक्टिकलविषयी मात्र मला सविस्तर सांगायचे आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला पाण्याची कठीणता काढण्याचे अनुमापन (टायट्रेशन) आले. पाण्याचा नमुना ५० मिली, अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक आणि ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीत, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे ०.०१ मोलर ईडीटीए. वाइनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचे. पहिले वाचन २४.६ मिली आले, दुसरे २४.१. वेळ कमी होता, म्हणून मी तिसरे वाचन घेतलेच नाही. दुसरे खोडून तिन्ही ठिकाणी २४.६ लिहिले. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी उत्तरपत्रिका पाहिली, खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, “हे वाचन कुठे गेले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी विचारले, की पीएच १० च्या जवळपासच का ठेवायचा. तेही मला सांगता आले नाही. त्या प्रयोगाची निष्पत्ती आमच्या अभ्यासक्रमात छापलेली होती: विद्यार्थ्याला अनुमापन अचूक करता येईल आणि त्यामागचे तत्त्व स्पष्ट करता येईल. त्यातले एकही मला त्या दिवशी जमले नव्हते. त्यामुळे मिळालेले कमी गुण योग्यच होते, असे मी तेव्हाही मानले आणि आजही मानते.

त्या सुट्टीत मी तो प्रयोग खऱ्या अर्थाने शिकले, आणि त्याला निमित्त घरचेच होते. माझे वडील चादरीच्या कारखान्यात डाईंग विभागात काम करत. बोअरच्या पाण्याने रंग नीट बसत नाही, शेड कमी-जास्त होते, ही त्यांची नेहमीची तक्रार असे. आमच्याकडेही बोअरचे पाणी तापवलेल्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असे. आमच्या सरांची परवानगी घेऊन मी घरचे पाणी प्रयोगशाळेत नेले आणि दोन वाचने एकसारखी येईपर्यंत अनुमापन केले. २४.४, २४.६, २४.६. या तीव्रतेच्या ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ५० मिलीत २४.६ मिलिग्रॅम आणि एका लिटरमध्ये ४९२. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, कठीणतेची स्वीकार्य मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. कॅल्शियमचे आयन काही रंगांशी जुळून साका तयार करतात आणि म्हणून कापडावर डाग पडतात, हे वडिलांना समजावून सांगताना मलाच ते प्रथम नीट समजले. कारखान्यातला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याची कठीणता घालवणारे यंत्र, मिठाच्या पाण्याने का धुतात, हे त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक होते; त्यातल्या रेझिनच्या दाण्यांवर अडकलेल्या कॅल्शियमची जागा सोडियम परत घेतो, ही त्यातली आयनांची अदलाबदल मी पुस्तकात वाचली होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघे बराच वेळ त्यावर बोलत बसलो होतो.

म्हणून जर्नलबाबत माझा आग्रह आहे. वाचन सुट्या कागदावर टिपून घरी सुबक आकडे भरण्याची सवय लावून घेऊ नका. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारा, बाजूला बरोबर आकडा लिहा आणि खाली तारीख टाका. औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेतील नोंदवहीत आम्हाला आजही असेच करावे लागते. तिथे खोडरबर, व्हाइटनर किंवा गिरवलेला आकडा चालत नाही. प्रत्येक प्रयोगानंतर आपल्यालाच तीन ‘का’ विचारून त्यांची उत्तरे जर्नलच्या डाव्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली, तर व्हायवाची वेगळी तयारी करावी लागत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत मला गुणपत्रिकेविषयी फारसे विचारले गेले नाही. टेबलावर एक ब्युरेट होती आणि तिच्यात पोटॅशियम परमँगनेट भरलेले होते. वाचन घ्यायला सांगितल्यावर मी डोळे पातळीला आणले आणि मिनिस्कसची, म्हणजे द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची, वरची कड वाचली. समोरच्या सरांनी विचारले, की खालची का नाही. द्रावण इतके गडद असते की खालची वक्ररेषा दिसतच नाही, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी ब्युरेट बाजूला सरकवली आणि पाण्याच्या कठीणतेविषयी विचारायला सुरुवात केली.