दक्षिण सुदानला स्वयंसेवक म्हणून जाताना तयारी कशी करावी

जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा इथे राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि उपाध्यक्ष रिक माचार यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. प्रवासी विमानं बंद झाली. भारताने ‘संकटमोचन’ मोहिमेत हवाई दलाची दोन सी-१७ विमानं पाठवून दीडशेहून अधिक माणसं बाहेर काढली. त्या विमानांत बसायचं तर वैध प्रवासी कागदपत्रं हवी होती आणि सामान फार तर ५ किलो. दक्षिण सुदानला निघणाऱ्याने तयारीची सुरुवात इथूनच करावी: तिथून बाहेर कसं पडणार, हे आधी ठरवायचं. २०१८ च्या शांतता करारानंतरही लढाई पूर्ण थांबलेली नाही.

आधी संस्था पारखा

एकट्याने, ओळखीच्या ओळखीवर किंवा फक्त मदतीच्या इच्छेवर जाऊ नका. तिथे परिचारिका, सुईण, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पाणीपुरवठ्याचा अभियंता, भांडार सांभाळणारा माणूस यांची गरज असते. हातात कसब नसलेल्या पाहुण्याला सांभाळण्यात स्थानिक कर्मचाऱ्यांचा वेळ आणि गाडीतली एक जागा जाते, आणि ती जागा एखाद्या रुग्णाची असू शकते.

संस्थेला लेखी विचारा. सुरक्षेची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे? लढाई पेटली तर बाहेर काढण्याचा खर्च कोण करणार आणि तो निर्णय कोण घेणार? संध्याकाळी किती वाजल्यानंतर बाहेर पडायला बंदी आहे? गाडीत रेडिओ आहे का? आजारी पडल्यास नैरोबीपर्यंत विमानाने नेण्याचा करार कोणाशी आहे? “आमच्याकडे आजवर कोणाला काही झालेलं नाही” एवढंच उत्तर आलं, तर ती संस्था सोडून द्या.

महिनाही विचारून घ्या. साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. तिथल्या मोठ्या भागात जमीन आपल्या विदर्भासारखी काळी आणि चिकण आहे. ती भिजली की ट्रक आसापर्यंत रुततात आणि जोंगलेई, युनिटी, अपर नाइल या राज्यांतले बरेच रस्ते महिनोन्‌महिने बंद राहतात. मग उरतात ती मदतकार्याची छोटी विमानं आणि मातीच्या धावपट्ट्या. पावसात धावपट्टीही बंद होते, म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा आणि पुढच्या जोडविमानाआधी जुब्यात दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

कागदपत्रं आणि विमा

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी, कोरी पानंही हवीत. संस्थेचं निमंत्रणपत्र आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करू नका. काम करण्याचा वेगळा परवाना लागेल का आणि तो कोण काढेल, हेही त्यांनाच विचारा. पर्यटक व्हिसावर काम करताना पकडले गेलात, तर तुमच्याबरोबर संस्थाही अडचणीत येते. पोहोचल्यावर तीन दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. जुब्यातल्या भारतीय दूतावासाकडे नाव, पत्ता, स्थानिक फोन नंबर आणि घरच्यांचा नंबर पहिल्याच आठवड्यात कळवा. सुटका मोहिमेच्या वेळी याद्या अशाच नोंदींवरून बनतात.

नेहमीच्या प्रवास विम्यात युद्ध आणि यादवीमुळे झालेली इजा बहुधा वगळलेली असते. पॉलिसीतलं ‘वगळलेल्या बाबी’ हे पान आधी वाचा, मग पहिलं पान. हवाई रुग्णवाहिकेसह किमान १ लाख डॉलरचं संरक्षण मागा. तुमच्या जीवन विम्याच्या कंपनीलाही प्रवासाचं ठिकाण लेखी कळवा, नाहीतर पुढे दाव्याच्या वेळी वारसांना झगडावं लागेल.

लसी: तीन महिने आधी सुरू करा

पिवळ्या तापाची लस अनिवार्य. ती सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, मुंबईत अशी केंद्रं आहेत. दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. निघण्याच्या आठवड्यात घेतलेली लस म्हणूनच विमानतळावर उपयोगाची नाही. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रातच तपासून घ्या. हा दाखला परतीलाही लागतो: तो नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, दुबळी प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल, तर डॉक्टरांशी आधी बोला.

गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही जिवंत विषाणूंची असते. ती पिवळ्या तापाच्या लसीबरोबर एकाच दिवशी घ्या, नाहीतर दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर ठेवा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. ते आधी झालेले नसतील, तर सगळ्यात आधी हेच सुरू करा. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात, पोलिओचा वर्धक डोस, तोंडाने घ्यायची कॉलऱ्याची लस आणि मेनिंगोकॉकसची चार प्रकारांवरची लसही यादीत ठेवा. मेंदूज्वराच्या साथी तिथे कोरड्या महिन्यांत येतात. रेबीजची लस आधीच घेतलेली असेल, तर कुत्रा चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शोधावं लागत नाही, वर्धक डोसांवर भागतं. ते इम्युनोग्लोब्युलिन खेड्यात मिळणं फार कठीण आहे.

हिवतापाला लस नव्हे, रोजची गोळी आणि मच्छरदाणी. तिथला फॅल्सिपॅरम हिवताप, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार, क्लोरोक्विनला दाद देत नाही, म्हणून आपल्याकडच्या जुन्या सवयीने क्लोरोक्विन घेऊन जाऊ नका. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, हा सहज मिळणारा पर्याय आहे, पण डॉक्टरांना विचारूनच. जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध किंवा लोहाच्या गोळीबरोबर ती नीट शोषली जात नाही. उन्हात त्वचा भाजते, म्हणून लांब बाह्या आणि टोपी हवीच. गरोदर स्त्रियांना ती चालत नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडलेला दात तिथे दुखू लागला, तर उपचारासाठी राजधानी, कदाचित देशच सोडावा लागेल.

पैसे आणि सामान

कार्डांवर भिस्त ठेवू नका. रोख डॉलर न्या. अधिकृत विक्रेत्याकडून एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत रोख मिळते. नोटा नव्या मालिकेच्या, न फाटलेल्या, शिक्का किंवा पेनाची खूण नसलेल्या घ्या. जुन्या नोटा नाकारतात किंवा कमी भाव देतात. निम्म्या नोटा १, ५ आणि १० च्या असू द्या. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, रोमिंग चालू करून ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

आतल्या भागात जाणाऱ्या छोट्या विमानांत हातसामान धरून साधारण २० किलोंचीच मुभा असते. त्यामुळे चाकांची मोठी बॅग घरीच ठेवा. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, डोक्याला लावायचा दिवा, २०,००० एमएएचची पॉवर बँक (ती हातसामानातच), चष्म्याचे दोन जोड आणि संपूर्ण मुक्कामाची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या. सैनिकी ठिपक्यांचे कपडे, ड्रोन आणि दुर्बीण नेऊ नका. सॅटेलाइट फोन संस्थेचाच वापरा, कारण परवान्याशिवाय तो भारतात बाळगणं गुन्हा आहे. जेवणाची फार काळजी नको: ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची किस्रा नावाची पातळ पोळी तिथे रोज होते. मेतकुटाची पुडी मात्र हलकी असते आणि पोट बिघडल्यावर भाताबरोबर उपयोगी पडते.

दुसरी पिशवी वेगळी आणि नेहमी भरलेली, ५ किलोंच्या आत: पासपोर्ट, पिवळ्या तापाचा दाखला, २०० ते ३०० डॉलर सुट्या नोटांत, फोन नंबर लिहिलेला कागद, एक लिटर पाणी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं, एक जोड कपडे आणि टॉर्च. ती रात्री पलंगापाशी असू द्या, बूटही तिथेच.

प्रशिक्षण आणि घरची बोलणी

संयुक्त राष्ट्रांचा ‘बीसेफ’ हा सुरक्षेचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, तो पूर्ण करा. त्याने प्रत्यक्ष सरावाची जागा भरून निघत नाही, म्हणून धोक्याच्या प्रदेशात वावरण्याचं काही दिवसांचं प्रशिक्षण संस्थेकडे मागा. किमान एवढं अंगवळणी पडू द्या:

– तपासणी नाक्यावर बोलणं चालकाचं. तुम्ही काळा चष्मा काढा, हात दिसतील असे ठेवा, फोनला हात लावू नका.
– गोळीबार ऐकू आला तर आधी जमिनीवर झोपा, मग खिडकीपासून दूर, दोन भिंतींच्या आड सरका. गाडीचं दार गोळी अडवत नाही, इंजिनाचा भाग अडवू शकतो.
– वाट सोडून लघवीलाही जाऊ नका. जुने सुरुंग अजून आहेत.
– विमानतळ, पूल, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका. फोटोसाठी परवाना लागतो आणि त्यावरून अटका होतात.
– कोणालाही जमात विचारू नका. डिंका की नुएर, हा प्रश्न तिथे जिवावर बेतलेला आहे.

घरच्यांशी स्पष्ट बोला. मृत्युपत्र करा, बँकेसाठी एकाला मुखत्यारपत्र द्या. अपहरण झाल्यास ओळख पटवण्यासाठी, फक्त तुम्हालाच उत्तर माहीत असेल असे तीन प्रश्न संस्थेकडे बंद पाकिटात ठेवा. घरी फोनची वेळ ठरवून द्या आणि फोनचं जाळं दोन-तीन दिवस बंद राहू शकतं हेही सांगून ठेवा. आईला खोटी खात्री देऊ नका. सुरक्षेच्या जबाबदार माणसाचा नंबर द्या, त्याने तिला जास्त धीर येईल.

परतल्यावर

गोळ्या सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या. पुढचे काही महिने, विशेषतः पहिले तीन, ताप आला तर त्याच दिवशी हिवतापाची तपासणी करा आणि डॉक्टरांना दक्षिण सुदानचं नाव घेऊन सांगा. नाहीतर पावसाळ्यात इथे डेंगी समजून दोन दिवस वाया जातात, आणि फॅल्सिपॅरम तेवढा वेळ देत नाही. नाइलमध्ये किंवा साठलेल्या पाण्यात उतरला असाल, तर सहा ते आठ आठवड्यांनी शिस्टोसोमाची (पाण्यातून त्वचेवाटे शरीरात शिरणाऱ्या जंतांची) तपासणीही करून घ्या. झोप लागत नसेल किंवा आवाजाने दचकायला होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा आणि संस्थेकडून समुपदेशनाची व्यवस्था मागून घ्या.